युद्धात पडलेली घरे पुन्हा उभारताना: ढिगारा, माती की सिमेंट?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे, युरोपीय आयोग आणि युक्रेन सरकार यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळून जो अंदाज मांडला, त्यात युक्रेनच्या पुनर्बांधणीचा दहा वर्षांचा खर्च ५२४ अब्ज डॉलर धरला आहे. देशातली १३ टक्के घरे पडली किंवा त्यांचे नुकसान झाले, म्हणजे २५ लाखांहून अधिक कुटुंबांच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा आहे. गाझात संयुक्त राष्ट्रांच्या त्याच वर्षीच्या अंदाजाप्रमाणे ५ कोटी टनांहून अधिक ढिगारा पडून आहे.

एवढी घरे सिमेंट, सळई आणि भाजक्या विटांनीच बांधायची, हे सगळ्यांनी जणू गृहीत धरले आहे. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी ७ ते ८ टक्के वाटा आजच सिमेंटचा आहे, कारण चुनखडी सुमारे १,४५० अंशांवर भाजताना इंधन तर जळतेच, शिवाय खुद्द चुनखडीतूनही तो वायू सुटतो. माझे मत असे आहे, की युद्ध थांबल्यावर पहिला प्रश्न ‘सिमेंट किती लागेल’ हा नसावा, तर ‘इथे पडलेले आणि इथल्या जमिनीतले काय वापरता येईल’ हा असावा. वॉर्सामध्ये हे झालेले आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथला ज्यू घेट्टो (ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती) जमीनदोस्त झाल्यावर त्या जागी उभा राहिलेला मुरानुव हा भाग वास्तुविशारद बोहदान लाखेर्त यांनी ढिगाऱ्याच्या भरावावर आणि ढिगारा दळून केलेल्या ठोकळ्यांनी बांधला.

पण लोक उघड्यावर असताना एवढी सवड कोणाकडे असते, हा आक्षेपही मला खरा वाटतो. आपल्यात गवंडीकाम, अभियांत्रिकी आणि मदतकार्य केलेले अनेक जण आहेत, त्यांनी लिहावे. युद्ध कोणामुळे झाले यावर इथे चर्चा नको, अशी विनंती.

जोतिबाचीवाट

मला हा विचार पोट भरलेल्यांचा वाटतो, हे स्पष्ट सांगतो. युक्रेनमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो. मातीची वीट वाळेपर्यंत लहान मुले आणि म्हातारी माणसे कुठे राहणार? कारखान्यात तयार झालेले घर ट्रकवरून आणून चार दिवसांत जोडता येत असेल, तर आधी ते द्यावे आणि पर्यावरणाचा विचार नंतर करावा.

गवंडीकाम

आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम चालते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दाबून केलेली मातीची वीट म्हणजे उन्हात वाळवलेली साधी कच्ची वीट नव्हे. चाळलेल्या मातीत साधारण ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून ती हातयंत्रात दाबतात. भट्टी लागत नाही, मात्र भाजक्या विटेला जसे भट्टीतून काढले की काम संपते, तसे इथे नसते. या विटा सावलीत झाकून ओल्या ठेवाव्या लागतात आणि पूर्ण ताकद यायला सुमारे २८ दिवस जातात. म्हणजे जोतिबाचीवाट यांची शंका रास्त आहे, पण काँक्रीटलाही तेवढेच दिवस लागतात हे ध्यानात घ्यावे.

दुसरे म्हणजे माती कुठलीही चालत नाही. आपल्याकडे पंचगंगेकाठची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, तिची वीट नुसत्या सिमेंटने टिकत नाही, तिला चुना लागतो आणि वाळू किंवा मुरूम मिसळावा लागतो. पन्हाळा, शाहूवाडीकडची तांबडी माती या कामाला कितीतरी सरस आहे, आणि तिकडे जांभ्याचा चिरा हाताशी असताना वीट पाडायचीही गरज नसते. सांगायचे एवढेच, की कोल्हापुरासारख्या एका जिल्ह्यात जर तालुक्यागणिक उत्तर बदलते, तर एका देशासाठी एकच पद्धत ठरवून पाठवणे चूक आहे.

ढिगाऱ्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत महिलांनी हातोडीने विटा साफ करून पुन्हा वापरायला रचून ठेवल्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. ते शक्य झाले, कारण जुन्या भिंतींतल्या विटा बऱ्याचदा चुन्याने जोडलेल्या होत्या आणि चुना विटेपासून सुटतो. आजच्या सिमेंटच्या जोडणीतून वीट अखंड निघत नाही, ती फुटतेच. त्यामुळे आजचा ढिगारा विटा म्हणून फारसा परत मिळत नाही, तो दळून खडी म्हणूनच वापरावा लागतो. आज आपण चुन्यात बांधले, तर पुढच्या पिढीला ते साहित्य परत मिळेल.

मांजराकाठ

मी मूळची लातूरकडची, लग्नानंतर कोल्हापुरात आले. मातीच्या घरांचे कौतुक वाचले की मला स्वस्थ बसवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ८,००० माणसे गेली, ती काही फक्त भूकंपाच्या जोराने गेली नाहीत. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. आमच्या नात्यातल्या एका घरात त्यानंतर कोणी मातीच्या छताखाली झोपायला तयार झाले नाही, आणि त्यांना समजावण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. ज्याने बॉम्बहल्ल्यात भिंत कोसळताना पाहिली आहे, त्याला तुम्ही मातीच्या भिंतीत राहायला सांगणार का?

संरचनाविचार

मांजराकाठ ताई, तुमचे म्हणणे मी पूर्ण मानतो. पण अभियंता म्हणून त्यातला एक धागा वेगळा काढून दाखवणे मला आवश्यक वाटते. किल्लारीच्या भिंती मातीमुळे तेवढ्या पडल्या नाहीत, जेवढ्या त्या जोडलेल्या नसल्यामुळे पडल्या. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, दोन्ही बाजू पकडणारा आरपार दगड नव्हता, कोपरे बांधलेले नव्हते आणि डोक्यावर पावसाळ्यागणिक मातीचे थर वाढत गेलेले छत होते. भूकंपाच्या हादऱ्यात भिंत उभी फाटली आणि छताने उरलेले काम केले.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली भारतीय मानके ४३२६ आणि १३८२७ याबद्दलच सांगतात, आणि त्यातले १३८२७ हे तर केवळ मातीच्या घरांसाठी आहे. जोत्याला, दारे-खिडक्यांवर आणि छताखाली घराला सलग वेढणारा पट्टा घालावा, दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर ठेवाव्यात, भिंत तिच्या जाडीच्या मानाने फार उंच नेऊ नये आणि छत हलके ठेवावे. लाकडाचा, बांबूचा किंवा थोड्या काँक्रीटचा हा पट्टा घराच्या एकूण खर्चात फार नसतो, पण तोच वगळला जातो. आणि सिमेंटच्या घरात तो वगळला, तर तेही तसेच पडते. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत पडलेल्या इमारती काँक्रीटच्याच होत्या, आणि त्याच वेळी कच्छमधले भुंगे, म्हणजे तिथली पारंपरिक गोल मातीची घरे, मोठ्या संख्येने उभे राहिले.

राहिला भीतीचा प्रश्न. त्याला मानकाने उत्तर देता येत नाही. जिथे लोकांची तयारी नसेल तिथे त्यांच्यावर मातीचे घर लादू नये, असे माझेही मत आहे.

वळिवडेमाळ

या चर्चेत आपल्या दारातले उदाहरण कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातून हद्दपारी भोगून बाहेर पडलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, त्यांत बहुसंख्य महिला आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्यात राहिले. ओळीने बांधलेल्या बराकी, त्यातच शाळा, चर्च, दवाखाना अशी ती पूर्ण वसाहत होती. महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ बहुतेकांनी पाहिला असेल.

माझा मुद्दा पुढचा आहे. पोलिश मंडळी गेल्यावर फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना तिथेच वसवण्यात आले आणि आजचे गांधीनगर त्यातून वाढले. म्हणजे काही वर्षांपुरती म्हणून उभारलेली वस्ती एका समाजापुरती न राहता दुसऱ्या समाजाच्या कायमच्या गावाचा पाया ठरली. जोतिबाचीवाट म्हणतात, की आधी तात्पुरते द्या आणि टिकाऊचे नंतर पाहू. माझ्या वाचनात तरी युद्धानंतरचे तात्पुरते घर ठरलेल्या मुदतीत रिकामे झाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. म्हणून तात्पुरत्या घराची जागा, रस्ता, गटार आणि जोते पहिल्या दिवसापासून कायमचे म्हणूनच आखावे. भिंत नंतर बदलता येते, आखणी बदलता येत नाही.

जोतिबाचीवाट

वळिवडेमाळ यांचा मुद्दा मला पटला. जोते पक्के आणि भिंत पुढे बदलता येईल अशी, ही रचना मी विचारात घेतली नव्हती. तरी थंडीचा प्रश्न कोणी सोडवलेला नाही.

पन्हाळ्याचीलेक

मी काही काळ उत्तर श्रीलंकेत एका स्वयंसेवी संस्थेबरोबर घरबांधणीचे काम पाहिले, म्हणून इथे बरेच लिहिणार आहे, सांभाळून घ्यावे.

मे २००९ मध्ये तिथले युद्ध संपले आणि पुढच्या वर्षी भारताने ५०,००० घरांचा प्रकल्प जाहीर केला. त्यातला मोठा भाग घरमालकाने स्वतः बांधायचा होता. कुटुंबाच्या खात्यावर टप्प्याटप्प्याने एकूण साडेपाच लाख श्रीलंकन रुपये जमा होत. पाया झाला की एक हप्ता, भिंती झाल्या की पुढचा, छप्पर झाले की त्यानंतरचा, आणि प्रत्येक टप्प्यावर तांत्रिक माणूस येऊन पाहणी करी. स्वयंपाकघर कुठे असावे, देवाची खोली कुठल्या बाजूला असावी, ओसरी किती लांब असावी हे ते कुटुंब ठरवी. युद्धाने ज्यांच्या हातातले सगळे निर्णय काढून घेतले होते, त्यांनी स्वतःच्या दाराची जागा स्वतः ठरवणे मला खिडकीच्या मापापेक्षा मोठे वाटत असे.

याच्या उलट २०१६ च्या सुमारास तिथे ६५,००० पोलादी तयार घरे आणण्याची योजना पुढे आली. तिला तिथल्या अभियंत्यांनी आणि नागरिकांनी जोरदार विरोध केला. उष्ण आणि दमट हवेत पत्र्याच्या भिंतींचे घर तापते, चूल आत पेटवता येत नाही, एक खोली वाढवायची म्हटली तर गावातल्या गवंड्याला ती जोडता येत नाही आणि खर्चाचा पैसा गावात न राहता बाहेर जातो, असे आक्षेप होते. चार दिवसांत उभे राहणारे घर नेहमीच स्वस्त किंवा सोयीचे पडते असे नाही, हे जोतिबाचीवाट यांनी कृपया विचारात घ्यावे.

पण स्वतः बांधण्याच्या पद्धतीचीही मी नुसती स्तुती करणार नाही. एकदम हजारो घरे सुरू झाल्यावर वाळू, विटा आणि गवंडी या तिन्हींचे दर चढले आणि अनुदान पुरेना. अनेक कुटुंबांनी मोठ्या घराच्या आशेने कर्ज काढले. ज्या घरात पुरुष उरला नव्हता, तिथल्या बाईला रोज साइटवर उभे राहून काम करून घ्यायचे आणि रोजीरोटीही पाहायची, हे फार जड जात होते. माल कोणता वापरायचा हा प्रश्न तिच्यासाठी दुसरा होता, ‘माझ्याकडे कामाला कोण येईल’ हा पहिला होता. मातीच्या विटेचा खरा फायदा मला तिथे दिसला. यंत्र गावात ठेवले आणि आठ-दहा बायकांच्या गटाला शिकवले, की वीट पाडण्याची मजुरी त्यांच्याच घरात राहते आणि विटेसाठी बाहेरच्या भावावर अवलंबून राहावे लागत नाही.

मांजराकाठ

पन्हाळ्याचीलेक, गटाने वीट पाडण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. किल्लारीनंतर आमच्या भागात ५२ गावे नव्या जागी वसवली, तिथे रुंद रस्ते आणि सरळ ओळी मिळाल्या, पण आधीची गल्ली, शेजार आणि गोठा एकत्र मिळाला नाही, म्हणून लोकांनी पुढे स्वतःच्या हाताने भर घातली. त्या वेळी बायकांना कोणी विचारले असते, तर ओट्याची जागा तरी वेगळी झाली असती.

कृष्णाथडी

शिरोळ तालुक्यातून लिहितो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमच्याकडे जी घरे बसली, त्यांत मातीच्या भिंतींची घरे पुष्कळ होती. पाणी चार दिवस भिंतीला लागून राहिले, की खालचा भाग विरघळतो आणि वरची भिंत आपल्याच वजनाने खाली येते. तेव्हापासून गावात ‘कच्चे घर’ म्हटले की पंचनामा आठवतो. आपली मुलगी मातीच्या घरात द्यायला कोणी तयार होत नाही, ही वस्तुस्थिती आहे. युद्धग्रस्त लोकांनाही मान असतो. शेजारचा देश काँक्रीटमध्ये राहतो आणि आम्हाला माती, असे त्यांना वाटणार नाही का?

संरचनाविचार

कृष्णाथडी यांनी सांगितले ते तंत्रदृष्ट्या अचूक आहे. पूररेषेच्या आत नुसत्या मातीची भिंत बांधूच नये. तिथे जोते उंच घ्यावे, पुराच्या पातळीपर्यंत काळा दगड किंवा जांभा वापरावा आणि त्यावर सिमेंट किंवा चुना मिसळलेली दाबलेली वीट घ्यावी.

मानाच्या मुद्द्यावर जर्मनीचा इतिहास विचार करायला लावणारा आहे. युद्धानंतर कोळसा आणि सिमेंट मिळत नव्हते, म्हणून विशेषतः पूर्व जर्मनीत हजारो घरे मातीची बांधली गेली आणि १९५१ मध्ये मातीकामाचे राष्ट्रीय मानकही लागू झाले. पुढे सिमेंट मुबलक झाले तशी ही पद्धत मागे पडली आणि १९७१ मध्ये ते मानक रद्द झाले. नव्वदच्या दशकाअखेर पुन्हा नवे नियम आले, ते मात्र टंचाईमुळे नव्हे, तर लोकांना मातीचे घर हवे होते म्हणून. निरुपायाने दिलेली माती लोक पहिल्या संधीला सोडतात, हे यातून दिसते.

गवंडीकाम

अगदी बरोबर. म्हणून मी म्हणतो, की पहिले मातीचे बांधकाम शाळा किंवा ग्रामपंचायतीचे कार्यालय असावे. सरकार स्वतः ज्यात बसते, त्याला कोणी कच्चे म्हणत नाही.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काही मुद्द्यांना उत्तर देतो.

टंचाईचा मुद्दा गाझालाही लागू होतो. २००८-०९ च्या युद्धानंतर तिथे सिमेंट आत नेण्यावर निर्बंध होते, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित मदत संस्थेने दाबलेल्या मातीच्या विटांची घरे बांधून पाहिली, आणि त्याच काळात ढिगारा दळून रस्त्यांखाली घातला गेला. नाकेबंदीत जे साहित्य कोणी अडवू शकत नाही, ते पायाखालचेच असते. अफगाणिस्तानात २००२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने दोन लाखांहून अधिक घरांना मदत केली. तिथे भिंती कुटुंबांनी स्वतःच्या मातीच्या विटांनी उभारल्या, तर तुळया, दारे आणि खिडक्या यांसारखे गावात न मिळणारे साहित्य पुरवण्यात आले. मदतीची ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

थंडीबद्दल सांगायचे, तर नुसती मातीची भिंत उष्णता साठवते, ती थोपवत नाही. युक्रेनच्या गावांतली जुनी पांढरी, चुना दिलेली घरे काठ्या, पेंढा आणि माती यांचीच असत. त्या देशात गव्हाचा पेंढा अमाप आहे, आणि पेंढ्याच्या घट्ट गाठी लाकडी चौकटीत बसवून दोन्ही बाजूंनी मातीचा गिलावा दिला, तर थंडी रोखणारी भिंत होते. चौकटी बंदिस्त जागेत आधी तयार करून ठेवता येतात, म्हणजे जोतिबाचीवाट यांचा वेगाचा आग्रहही राखला जातो.

दसराचौक

मी इमारती पाडण्याच्या आणि मलब्याच्या कामाशी संबंधित आहे. ढिगारा म्हणजे फुकटचे साहित्य, असे वर कुठेतरी सूचित झाले आहे, त्यावर गंभीर हरकत घेतो.

युद्धाच्या ढिगाऱ्यात न फुटलेला दारूगोळा असतो. जुन्या छपरांच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, ते दळले की त्याचे तंतू मजुराच्या फुप्फुसात जातात आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. ढिगाऱ्याखाली माणसे असतात. त्यांना सन्मानाने बाहेर काढून ओळख पटवल्याशिवाय दळण यंत्र सुरू करणे हा त्यांच्या घरच्यांवर दुसरा आघात आहे. शिवाय तो ढिगारा कोणाच्या तरी मालकीचा असतो, आणि कागदपत्रे जळालेल्या माणसाकडे आपली जागा दाखवायला तेवढाच पुरावा उरलेला असतो.

हे सगळे झाल्यावर दळलेल्या काँक्रीटची खडी जरूर वापरावी, पण मर्यादेत. खडी-वाळूसाठीच्या आपल्या ३८३ क्रमांकाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच परवानगी दिली आहे, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, आणि पायाखालच्या हलक्या थरात मात्र पूर्ण वापरता येते. म्हणजे ढिगाऱ्याची खरी जागा रस्ता, भराव, पाया आणि पोकळ ठोकळे यांत आहे.

पन्हाळ्याचीलेक

दसराचौक, मालकीचा मुद्दा मांडल्याबद्दल धन्यवाद. श्रीलंकेत घराचा हप्ता अडण्याचे एक कारण जमिनीचा कागद नसणे हेच होते.

संरचनाविचार

मूळ प्रश्नाकडे येतो. आपण सगळे नव्या घरांबद्दल बोलत आहोत, पण युक्रेनच्या शहरांत नुकसान झालेल्या घरांत बहुमजली इमारती पुष्कळ आहेत, आणि तिथे माती हे उत्तरच नाही. तिथली सर्वांत कमी प्रदूषणाची पद्धत म्हणजे जे उभे आहे ते न पाडणे. खिडक्या फुटल्या, दर्शनी भिंत गेली, पण सांगाडा शाबूत आहे अशी इमारत दुरुस्त केली, तर पायाचे आणि सांगाड्याचे सगळे सिमेंट वाचते, आणि रहिवासी आपल्याच शेजारात राहतात. त्यासाठी सांगाडा तपासणारे अभियंते हजारोंनी लागतात. पुनर्बांधणीच्या निधीतला पहिला पैसा या तपासणीवर खर्च व्हावा, नाहीतर संशयाने चांगल्या इमारतीही पाडल्या जातात. जिथे नवे काँक्रीट अटळ आहे, तिथे भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून केलेले सिमेंट वापरावे. आपल्या आयआयटी दिल्लीचा त्या संशोधनात वाटा आहे आणि त्याने कार्बन ४० टक्क्यांपर्यंत घटतो.

जोतिबाचीवाट

दुरुस्ती आधी, हे मला पूर्ण मान्य आहे. वेगाच्या बाबतीतही ती नव्या घरापेक्षा पुढे राहील.

कृष्णाथडी

एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझा चुलतभाऊ पुराच्या रेषेबाहेर, माळावर घर बांधणार आहे. आपली माती दाबलेल्या विटेला चालेल की नाही, हे प्रयोगशाळेत न जाता कळेल का? युद्धाच्या ठिकाणीही प्रयोगशाळा नसणारच.

गवंडीकाम

प्राथमिक अंदाज घरीच येतो, दादा. वरची हातभर माती काढून टाका, कारण तिच्यात मुळे आणि शेणखत असते. खालची माती काचेच्या सरळ बाटलीत एक तृतीयांश भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि एक दिवस स्थिर ठेवा. तळाला वाळू बसेल, मध्ये गाळ आणि वर चिकणमाती. वाळूचा थर निम्म्याहून जास्त आणि चिकणमाती पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडी कमी असेल, तर ती माती सिमेंटच्या विटेला योग्य आहे. चिकणमाती फार निघाली तर मुरूम किंवा वाळू मिसळा, नाहीतर चुन्याकडे वळा. त्यानंतरही घर बांधण्यापूर्वी दहा-पंधरा विटा पाडून, महिनाभर ओल्या ठेवून, त्या पाण्यात बुडवून आणि दाबून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून तपासून घ्या. बाटलीवर विसंबून भिंत उभी करू नका.

कृष्णाथडी

समजले. रविवारी दोन्ही बांधांवरची माती वेगवेगळ्या बाटल्यांत घालून ठेवतो आणि थरांची मापे इथेच लिहितो.